उरेब

झाडेच्या दुकानात मी टेप घेऊनच गेले होते.
गळ्यात होता, काढायचा राहून गेला.
त्रेचाळीस इंच, तो म्हणाला.
मी मोजला. आडवा साडेसदतीस, उभा एकवीस.
बाकीचे इंच कुठं गेले, भाऊ?
तो हसला. टीव्ही तिरपा मोजतात, काकू,
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

म्हणजे उरेब.
उरेबात कापड ताणतं, हे मला नका सांगू.
तीस वर्षं झाली, गळ्याच्या पट्ट्या काढते.

हिंगणघाटहून गावी येईस्तोवर
मांडीवर त्याचा कागद.
जुना दिला तर आठशे कमी, बाकीचे बारा हप्ते.
आठशे म्हणजे आठ साधे ब्लाउज,
अस्तर नसलेले.

आमचा टीव्ही पाठीनं जड आहे.
प्रज्वल चौथीत होता तेव्हा बंडीत आला,
दोन गाद्यांच्या मधात, बाळंतिणीसारखा जपत.
आता माझ्या मशीनची मोटर सुरू झाली
की त्याच्यावर पांढऱ्या रेघा धावतात,
बातम्या सांगणाऱ्या बाईच्या तोंडावर
टीप पडत जाते.
माकडं छत्रीवर बसली की सगळंच बंद.
रिमोटला रबर लावलं आहे.
खरं म्हणजे आता रबरालाच रिमोट लागला आहे.

हे म्हणतात, चित्र पुसट झालं.
रोज म्हणतात, आणि खाट थोडी पुढं ओढतात.
प्रज्वल बुटीबोरीहून फोनवर,
घेऊन टाक ना आई,
किती दिवस त्या डब्ब्यात पाहता.

मी भिंतीवर आखून पाहिला.
कॅलेंडर काढावं लागलं, आरशाचा खिळाही.
शिलाईचा निळा खडू चुन्यावर छान उठला.
रात्री जेवताना आम्ही दोघं
चालू टीव्ही सोडून तिकडंच पाहत होतो.
एक पाल वरच्या कोपऱ्यातून आली,
मधात थांबली जाहिरातीसारखी,
गेली.
"रंग चांगला हाये," हे म्हणाले.

शेजारची आचल चौकट पाहायला आली.
तिला विचारलं, आमचं चित्र पुसट आहे का गं?
हिरवट आहे, काकू. पुसट नाही.
खाली पळणारी अक्षरंही वाचून दाखवली तिनं,
सोयाबीनचा भाव, कुठं गारपीट,
कोणत्या गाडीला किती उशीर,
भराभर.
हे गप्प बसले.

मग माझ्या ध्यानात आलं,
यांनी सुई ओवून दिल्याला
दिवाळी होऊन गेली होती.
आधी रोज सकाळी मशीनजवळ यायचे,
दहा सुया ओवून चिंधीला टोचून जायचे,
न सांगता.
बंदही न सांगताच केलं होतं.
मला वाटलं होतं, माणूस आळशी झाला.

सेवाग्रामला उजवा डोळा झाला.
भिंग जरा बरं घेतलं,
त्यात पहिल्या हप्त्याचे पैसे गेले, दुसऱ्याचेही.
झाडेचा फोन आला, ऑफर रविवारपर्यंतच आहे काकू.
म्हटलं, भाऊ, सध्या उरेबात ताणलं आहे.

पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला.
हे खाटेवर टेकले. खाट मागं होती, जुन्या जागी.
मी टीव्ही लावला. मशीन बंद ठेवली.
माकडंही नव्हती नेमकी.
म्हटलं, दिसते का?
"अवं, हे बाई तं हिरवी हाये!"
पाच वर्षांपासून हिरवी आहे, मी म्हटलं.
तिच्यावरून नजर काढून
ते भिंतीकडं पाहत राहिले,
बराच वेळ.

"खालची रेघ वाकडी हाये तुही."

तीस वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं मला.
ताट तसंच ठेवून उठले, टेप लावला.

दोन सूत.
डावीकडं.